पुस्तकातील नाटक आणि रंगमंचावरील नाटक : महाविद्यालयीन अध्यापनात नाट्यप्रयोग व चित्रपट यांचे स्थान

प्रस्तावना :

मराठी विषय घेऊन पदवी संपादन करणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या ना कोणत्या वर्षी एखादे नाटक अभ्यासावे लागते. हे नाटक तो ग्रंथालयातून पुस्तकरूपाने मिळवितो, वर्गात त्याचे कथानक, व्यक्तिरेखा, संवाद, संघर्ष आणि भाषाशैली या क्रमाने केलेले विवेचन ऐकतो, परीक्षेच्या तोंडावर एखादे मार्गदर्शक चाळतो आणि उत्तीर्ण होतो. एकही नाट्यप्रयोग न पाहता नाटकाच्या प्रश्नपत्रिकेत उत्तम गुण मिळविता येतात, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही.

विशेष म्हणजे त्याच महाविद्यालयात नाटक अन्यत्र जोमाने चालू असते. पुण्यातील महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून होत आली आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय असे कलाप्रकार असतात. या स्पर्धांसाठी विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत तालमी करतात, नेपथ्य उभारतात, प्रकाशयोजनेची जुळवाजुळव करतात. मात्र हे सर्व 'सांस्कृतिक विभागा'चे काम आणि वर्गात शिकविले जाते ते 'साहित्य', अशी सरळ वाटणी झालेली आहे. तालमीत रमलेला विद्यार्थी मराठीच्या तासाला अनुपस्थित राहतो आणि त्याच तासाला नाटकातील संघर्षतत्त्व शिकविले जात असते, असेही घडते. चित्रपटाची अवस्था याहून फारशी निराळी नाही. वाङ्मय मंडळाच्या वतीने वर्षाकाठी एखादा चित्रपट दाखविला जातो, अहवालात त्याची नोंद होते आणि विषय तेथे संपतो.

प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांची सांगड कशी घालता येईल, याचा विचार मराठी साहित्याच्या अध्यापनापुरता केला आहे. प्रयोग किंवा चित्रपट 'दाखविला' एवढ्याने तो अभ्यासाचा भाग होत नाही. छापील संहितेच्या आधारे न सुटणारा एखादा निश्चित प्रश्न घेऊन विद्यार्थी जेव्हा त्याच्यासमोर बसतो, तेव्हाच तो अभ्यासाचा भाग होतो, अशी या लेखाची भूमिका आहे.

संहिता काय सांगते आणि काय सांगत नाही :

विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. १९६७ मध्ये 'रंगायन' या संस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एका हौशी नाटकमंडळींचा गट अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी गावात येतो, वेळ घालविण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला सुरू करतो आणि पाहता पाहता तो खेळ बेणारेच्या खासगी आयुष्याची निर्दय चिरफाड होऊन बसतो, हे कथानक सर्वपरिचित आहे. शेवटी 'न्यायाधीश' काशीकर आरोपीला आपले म्हणणे मांडण्यासाठी अवघ्या काही सेकंदांचा अवधी देतात. त्यानंतर बेणारेचे प्रदीर्घ स्वगत येते.

हे स्वगत म्हणजे परीक्षेतील हमखास प्रश्न होय. बेणारेच्या व्यक्तिरेखेविषयीच्या उत्तरांत विद्यार्थी त्यातील वाक्ये भरभरून उद्धृत करतात आणि बेणारेने न्यायालयाला असे ठणकावून सांगितले, असे लिहून मोकळे होतात. वस्तुतः तिने न्यायालयाला काहीही सांगितलेले नाही. स्वगत सुरू होताना प्रकाश बदलतो, इतर सर्व पात्रे आहेत त्या स्थितीत गोठून जातात आणि ते संपताच कामकाज असे पुढे सुरू होते, की जणू आरोपी या अवधीत गप्पच उभी होती. घड्याळातील काही सेकंद रंगमंचावर कितीतरी मिनिटे व्यापून राहतात. तिचे बोलणे प्रेक्षकांनी ऐकले, पण तिच्यावर निवाडा करणाऱ्यांपैकी एकानेही ऐकले नाही, ही या नाटकातील सर्वांत क्रूर गोष्ट आहे. संहितेत ती कंसातील रंगसूचनेपुरती येते, आणि कंसातील मजकूर वगळून वाचण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना शालेय वयापासूनच लागलेली असते. प्रयोगात मात्र ती वगळता येत नाही. गोठलेली माणसे समोर दिसतच राहतात.

'बेणारेचे बोलणे कोणी ऐकले?' एवढाच प्रश्न देऊन वर्गाला हा प्रवेश दाखविला तर व्यक्तिरेखेच्या संपूर्ण आकलनाची दिशा बदलते. अख्खे नाटक उपलब्ध नसेल तर वर्गातच सहा-सात विद्यार्थ्यांनी उभे राहून हा प्रवेश करावा. एकीने वाचावे, बाकीच्यांनी निश्चल राहावे. सहा-सात मिनिटे न हलता उभे राहणे म्हणजे काय, हे त्या निश्चल उभ्या राहिलेल्यांना जितके कळते तितके वाचणाऱ्या विद्यार्थिनीलाही कळत नसावे.

याच नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला आणि त्यातही बेणारे सुलभा देशपांडे यांनीच साकारली. संहिता तीच, अभिनेत्री तीच, माध्यम मात्र वेगळे. नाटकात प्रेक्षक त्या सभागृहातच बसलेला असतो आणि त्यामुळे खटल्याचा साक्षीदार, किंबहुना थोडासा भागीदारही ठरतो. बेणारे बोलत असताना काशीकरांकडे पाहावयाचे की सुखात्मे वकिलांकडे, हे तो स्वतः ठरवितो. चित्रपटात ही निवड कॅमेरा करतो. कोणाचा चेहरा जवळून दाखवायचा आणि कोणाला चौकटीबाहेर ठेवायचे हा दिग्दर्शकाचा निर्णय असतो. एम.ए.च्या वर्गाला माध्यमांतर शिकविताना याहून सोयीचे उदाहरण सहसा सापडणार नाही.

'घाशीराम कोतवाल'च्या बाबतीत तर केवळ पुस्तकावर विसंबणे जवळजवळ अशक्यच आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग केला. भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना हे त्या प्रयोगाचे अलंकार नव्हते. तो त्यांचा सांगाडाच होता. रंगमंचावर ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची रांग हाच या नाटकाचा पडदा. ती गाते, नाचते, वळून पाठ फिरविते तेव्हा भिंत होते, पुन्हा वळते तेव्हा पुण्यातील जमाव होते. जे घडते ते रांगेआड घडते आणि ती रांगच ते झाकते. पुस्तक वाचणाऱ्याला या रांगेचा लगेच विसर पडतो, कारण तिला म्हणण्यासारखा 'संवाद' फारसा नाही. मग उत्तरपत्रिकांतून नाना आणि घाशीराम या दोघांचीच चर्चा होते, आणि सत्तेचे गुपित झाकणारा समाज हा नाटकाचा खरा विषय बाजूला पडतो. या नाटकाची लांबी पानांवरून मोजली तर ते अगदी आटोपशीर वाटते. रंगमंचावर भरून राहिलेला काळ त्या पानांच्या मधल्या जागांत आहे.

१९७६ मध्ये 'युक्त' या चित्रपट-सहकारी संस्थेने 'घाशीराम कोतवाल' पडद्यावर आणले. पुण्याच्या चित्रपट संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांचा हा उपक्रम होता आणि मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही नावे त्याच्याशी निगडित आहेत. हा चित्रपट नाटकाची जागा घेऊ शकत नाही आणि घ्यावी अशी अपेक्षाही करू नये. नाटक पाहावयास मिळाले नाही म्हणून चित्रपट दाखवून 'प्रयोग दाखविला' अशी नोंद करणे ही शुद्ध दिशाभूल होय.

कादंबरी आणि चित्रपट :

कादंबरीवरील चित्रपटांच्या बाबतीत अध्यापकांचा अनुभव बहुधा कटू असतो. चित्रपट पाहिला की कादंबरी वाचण्याची गरज उरली नाही, असा सोयीस्कर समज होतो. ही तक्रार खोटी नाही. तथापि दोष प्रश्न विचारणाऱ्याकडेही जातो. 'कथानक थोडक्यात सांगा' असा प्रश्न असेल तर चित्रपट पाहणारा विद्यार्थी शहाणाच ठरतो.

काही उदाहरणे घेता येतील. १९७९ मधील 'सिंहासन' हा जब्बार पटेल यांचा चित्रपट अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला असून त्याची पटकथा तेंडुलकर यांची आहे. दोन स्वतंत्र कादंबऱ्यांचा एक चित्रपट होताना कोणता धागा कोठून आला, कोणता सोडून दिला आणि का, हा प्रश्न चित्रपट पाहून सुटत नाही आणि एक कादंबरी वाचूनही सुटत नाही. तो राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तितकाच उपयोगी पडेल. 'उंबरठा' हा १९८२ मधील चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून झाला. शीर्षक 'बेघर'चे 'उंबरठा' का झाले असावे, एवढ्या एका शब्दबदलावर स्त्रीवादी वाचनाचे दोन तास सहज रंगू शकतात. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ ची, तर अमोल पालेकर यांचा चित्रपट १९९५ चा. मधल्या चाळीस वर्षांत माणदेशी खेडे कागदावरून पडद्यावर येताना निवेदक मास्तरच्या मनातले किती उरले, हे तपासण्यासारखे आहे.

कुसुमाग्रज तथा वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट'चे उदाहरण थोडे गमतीचे आहे. १९७० मध्ये गोवा हिंदु असोसिएशनने हे नाटक रंगमंचावर आणले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या गणपतराव बेलवलकरांनी एक पिढी भारावून गेली. २०१६ मध्ये महेश मांजरेकर यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर चित्रपट आला. त्यात गणपतरावांचे स्नेही रामभाऊ हे नाटकात नसलेले पात्र महत्त्वाचे आहे. 'नटसम्राट' नाटकावरील उत्तरात रामभाऊ अवतरले की परीक्षकाला पुढचे वाचण्याची गरज राहत नाही. पण शिक्षा करून भागत नाही. हे पात्र पटकथेला का लागले, हा वर्गातला प्रश्न व्हायला हवा. नाटकात एकटा नट प्रेक्षकांसमोर उभा राहून स्वगत बोलू शकतो, कारण तशी रंगभूमीची रीत आहे. वास्तवाच्या वळणाने जाणाऱ्या चित्रपटात त्याला ऐकणारा कोणीतरी समोर असलेला बरा. पात्राच्या या भरतीतून स्वगत आणि संवाद यांतील भेद जितका स्पष्ट होतो, तितका व्याख्या पाठ करून होणार नाही.

संतसाहित्याच्या अभ्यासक्रमात 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'चे स्थान वेगळे आहे. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस यांची भूमिका असलेला हा चित्रपट १९३६ मध्ये प्रदर्शित झाला आणि १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात गौरविला गेला. यातील एक अतिशय गाजलेले पद तुकोबांचे नसून शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचले आहे. ते इतके अस्सल उतरले की अनेकांनी ते अभंगगाथेत शोधले. विद्यार्थ्यांना हे आधी सांगू नये. चित्रपट दाखवावा, त्यातील सर्व पदांची यादी करावयास सांगावी आणि प्रत्येक पद गाथेत कोठे आहे हे शोधण्याचे काम द्यावे. ज्या गटाच्या वाट्याला आठवल्यांचे पद येईल तो गट गाथा दोनदा चाळेल, सूची पाहील, पाठभेद पाहील आणि शेवटी हात हलवीत परत येईल. मग तुकोबांची भाषा ओळखायची कशी, प्रक्षिप्त म्हणजे काय, हे प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतात. गाथा उघडण्याचे एरवी टाळणाऱ्या वर्गाला ती संपूर्ण पाहावयास लावणारी याहून सोपी युक्ती नाही.

चित्रपटाकडे पाठ्यग्रंथाप्रमाणे बारकाईने पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. पुण्यातील चित्रपट संस्था १९६० मध्ये आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. चित्रपट संस्थेत प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वादाच्या अध्यापनाचा पाया घातला, आणि 'पथेर पांचाली'सारख्या चित्रपटाचे दृश्यागणिक विश्लेषण ही त्यांच्या अध्यापनाची ओळख ठरली. संग्रहालय आणि संस्था यांच्या रसास्वाद शिबिरांतून महाविद्यालयीन अध्यापकांच्या अनेक तुकड्या गेल्या. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चित्रपट संस्कृतीचे काम करीत आले. या साऱ्यातून एक साधी गोष्ट घेण्यासारखी आहे. संपूर्ण चित्रपट एकदा सलग पाहावा, आणि नंतर त्यातील चार-पाच मिनिटांचा एकच भाग थांबवून थांबवून तीनदा पाहावा. अडीच तासांचा चित्रपट दाखवून लगेच 'कसा वाटला?' असे विचारणे व्यर्थ आहे, कारण त्याला 'छान वाटला' याखेरीज उत्तर मिळत नाही.

नाट्यगृह नसलेली महाविद्यालये :

या सर्व विवेचनावर एक रास्त आक्षेप येतो. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांना हे शक्य आहे. जेथे नाट्यगृह नाही आणि व्यावसायिक नाटक वर्षानुवर्षे फिरकत नाही, तेथील अध्यापकांनी काय करावे?

आक्षेप रास्त असला तरी त्यामागचे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीची रंगभूमी आजही गजबजलेली आहे. देसाईगंज अर्थात वडसा हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर धानाची कापणी होऊ लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव मांडव उभारून रात्रभर प्रयोग चालतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा थेट प्रयोग पाहण्याच्या बाबतीत वडशाचा विद्यार्थी पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा वंचित नाही. नाटकाच्या वातावरणात तो लहानाचा मोठा झालेला असतो. त्याच्या अभ्यासक्रमाला मात्र त्याच्या गावातील नाटक 'नाटक' वाटत नाही, अडचण एवढीच आहे.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सहज नजरेआड होते. पहिले सत्र साधारणपणे दिवाळीच्या आसपास संपते आणि झाडीपट्टीचा हंगाम नेमका त्यानंतर सुरू होतो. नाटकाची प्रश्नपत्रिका पहिल्या सत्रात ठेवली तर शिकविताना प्रयोग नाही आणि प्रयोग चालू असताना विषय संपलेला, अशी चुकामूक होते. ही प्रश्नपत्रिका दुसऱ्या सत्रात नेणे हा अभ्यास मंडळाच्या एका बैठकीचा विषय आहे. त्याला निधी लागत नाही.

सिंधुदुर्गातील आणि गोमंतकातील दशावतारालाही हेच लागू पडते. गावोगावच्या जत्रा कार्तिकापासून सुरू होतात आणि दशावतारी मंडळांचे खेळ त्यांबरोबर फिरत राहतात. दशावताराचे अध्यापनाच्या दृष्टीने आणखी एक मोल आहे. पारंपरिक पद्धतीत त्याला लिखित संहिताच नसते. कोणते आख्यान लावायचे हे ठरते, प्रसंगांचा क्रम ठरतो आणि बाकीचे संवाद नट रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. संकासुराने प्रेक्षकांची थट्टा आरंभली की ती कोठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसते. 'नाटक म्हणजे नाटककाराने लिहिलेली साहित्यकृती' अशी व्याख्या पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याला एकाच आख्यानाचे दोन गावांतील दोन खेळ पाहावयास सांगावे आणि संवादांतील फरक टिपून आणावयास सांगावे. मग त्या व्याख्येचे काय करायचे, हे वर्गात ठरविता येईल.

वेळ, पैसा आणि कायदा :

तासिकेचा हिशोब नाटकाशी जुळत नाही. नाटक अडीच-तीन तासांचे, तर तासिका जेमतेम एका तासाची किंवा त्याहूनही कमी. श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकासाठी व्याख्यानाचे पंधरा किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास धरले जातात. म्हणून प्रयोगदर्शन 'सहली'च्या सदरात न टाकता प्रात्यक्षिकाच्या तासांत धरले, तर वेळापत्रकाशी झगडण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. प्रयोगापूर्वी दोन तास संहितेसाठी द्यावेत. प्रयोग पाहताना प्रत्येक गटाकडे एकच गोष्ट सोपवावी. एका गटाने प्रकाशाचे बदल टिपावेत, दुसऱ्याने पात्रांचे प्रवेश आणि प्रस्थान, तिसऱ्याने शांततेचे क्षण, चौथ्याने प्रेक्षक कोठे हसले आणि कोठे खोकले हे. या चौथ्या गटाची टिपणे सर्वांत उपयुक्त ठरण्याचा संभव आहे. दुसऱ्या दिवशीच लेखी टिपण घ्यावे. आठवडा गेला की स्मरणाची जागा वर्तमानपत्रातील परीक्षणे घेतात.

कायद्याबाबत अकारण भीती आणि अकारण बेफिकिरी, दोन्ही आढळतात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून अध्यापक व विद्यार्थ्यांनी केलेला नाट्यप्रयोग, तसेच संस्थेत दाखविलेला चित्रपट, हा स्वामित्वहक्काचा भंग मानला जात नाही. मात्र प्रेक्षक हे संस्थेचे अध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामकाजाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असले पाहिजेत. गावाला जाहीर निमंत्रण दिले की ही सवलत लागू राहत नाही. तीच एकांकिका स्पर्धेत किंवा जाहीर रंगमंचावर करावयाची झाल्यास लेखकाची अनुमती घ्यावी लागते आणि त्याचे मानधन द्यावे लागते. नाटककाराचे मानधन बुडवून त्याच्याच नाटकावर व्याख्यान देण्याची प्रथा विद्याक्षेत्राला शोभत नाही. केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेले चित्रपट निवडताना प्रथम वर्षातील काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

खर्चापेक्षा नाजूक प्रश्न वेळेचा आहे. नाट्यगृहातील प्रयोग सायंकाळी किंवा रात्री असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या कितीतरी मुली शेवटच्या एस.टी.ने गावी परततात, आणि ती एस.टी. नाटकाच्या पहिल्या अंकालाच सुटते. काही विद्यार्थी सायंकाळी दुकानात, गॅरेजमध्ये, शेतावर काम करतात. काही घरांत मुलीने रात्री नाटकाला जाणे मान्य नसते. अशा परिस्थितीत प्रयोगाला उपस्थित राहण्याबद्दल अंतर्गत मूल्यमापनात पाच गुण ठेवणे हा वरवर निरुपद्रवी दिसणारा निर्णय प्रत्यक्षात पक्षपाती ठरतो. ज्यांच्यासाठी हा उपक्रम सर्वाधिक मोलाचा आहे, नेमके तेच त्यात मागे पडतात. उपस्थितीला गुण असूच नयेत. गुण टिपणाला असावेत आणि टिपण लिहिण्याचे एकाहून अधिक मार्ग उपलब्ध असावेत.

यांपैकी सर्वांत सोपा आणि अकारण उपेक्षित मार्ग म्हणजे अभिवाचन. त्याला नेपथ्य लागत नाही, वेशभूषा लागत नाही, दुपारच्या दोन जोडतासिकांत एक अंक पूर्ण होतो. पुरुषोत्तम करंडकासाठी तालीम करणाऱ्या विद्यार्थ्यांनाच मराठीच्या वर्गात अभिवाचनासाठी बोलवावे. त्यांना आवाजाची फेक, विराम, वाक्य कोठे तोडायचे याची जाण असते, आणि वर्गातील इतरांना संहितेची. 'शांतता!'मधील सुखात्मे यांच्या उलटतपासणीचे दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी केलेले अभिवाचन एकापाठोपाठ एक ऐकविले, तर तीच वाक्ये एकदा विनोदी आणि एकदा भीतिदायक कशी होतात हे कळते. या नाटकाचा प्रेक्षक सुरुवातीला हसतो आणि नंतर त्या हसण्याचीच लाज वाटू लागते, ही त्याची मुख्य चाल आहे. ती दुपारी दोन वाजता, एस.टी. न चुकविता अनुभवता येते.

राहता राहिला टिपणांचा प्रश्न. विद्यार्थ्यांनी लिहिलेली टिपणे गुण देऊन झाल्यावर बहुधा रद्दीत जातात. ती बांधून विभागीय ग्रंथालयात नाटकाच्या पुस्तकाशेजारी ठेवावीत, आणि प्रत्येक टिपणावर प्रयोगाचे स्थळ, दिनांक, संस्था व प्रमुख कलावंत यांची नोंद असावी. जुन्या प्रयोगांविषयी आज जे काही कळते ते तत्कालीन वृत्तपत्रे, आठवणी आणि छायाचित्रे यांतून. प्रेक्षकांत बसलेल्या वीस वर्षांच्या मुलामुलींनी काय पाहिले याची नोंद सहसा कोठेच नाही. झाडीपट्टीतील किंवा दशावतारातील एखाद्या खेळाबद्दल तर असे टिपण हीच त्या रात्रीची एकमेव लेखी नोंद असू शकते. पुढील वर्षी ज्या तुकडीला प्रयोग पाहावयास मिळणार नाही, तिने पुस्तक उघडण्यापूर्वी ही टिपणे वाचावीत आणि दोन टिपणांत जेथे विसंगती आढळेल तेथून संहितेच्या वाचनाला आरंभ करावा.